आजीच्या इरकली आणि यल्लापूरची कवंद

आजी जाऊन दोन वर्षं झाल्यावर गेल्या दिवाळीत आईने तिची ट्रंक उघडली. आत डांबराच्या गोळ्यांचा वास आणि सात इरकली लुगडी. दोन अजून नेसता येतील अशी, बाकीची पाच धुऊन धुऊन मऊ झालेली. आई म्हणाली, "ह्याची वाकळ करून घेऊया की. पोरीला होईल." पोरगी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा आठ महिन्यांची.

इंदूर-बडोद्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, गोधडीला आम्ही बेळगावकडे वाकळ म्हणतो. आमचे कानडी शेजारी तिलाच कौदी म्हणतात.

आमच्या घरात आजीनेच शिवलेली एक वाकळ होती. शहापूरचं जुनं घर सोडून आम्ही फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा सामान हलवताना ओरखडे पडू नयेत म्हणून मी ती फ्रीजला गुंडाळली. फ्रीज आला. वाकळ टेम्पोतून कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. आजीने त्यावर कधी एक शब्दही काढला नाही, आणि तेच मला अजून लागतं. त्यामुळे आई "करून घेऊया" म्हणाल्याबरोबर मी म्हणालो, "करून कशाला घ्यायची? मी शिवतो."

मी बी.ई. मेकॅनिकल, पोटाला सॉफ्टवेअर. मोजणं, कापणं, जोडणं हे आपल्याला येतं अशी माझी ठाम समजूत होती. दोन रात्री व्हिडिओ बघितले, कापडासाठीचा फिरता कटर आणि खुणांची चटई मागवली आणि एका रविवारी सकाळी, आई उठायच्या आत, लाल लुगड्याचे साडेसहा इंचाचे चौऱ्याऐंशी चौकोन पाडले. आईने चहा घेऊन येऊन ते बघितलं. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ते कोणतं लुगडं होतं ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. माझ्या वडिलांच्या मुंजीतलं.

आता शिवणं भागच होतं. आईचं काळं पायमशीन तेल घालून तयार केलं. चौकोनाला चौकोन जोडताना काही अडचण आली नाही. बारा चौकोनांची एक पट्टी, अशा सात पट्ट्या. मग पट्टीला पट्टी जोडायला घेतली आणि पहिल्याच चौकात, म्हणजे जिथे चार चौकोनांची टोकं एकत्र येतात तिथे, सुई मोडली. दुसरी घातली, तिसऱ्या चौकात तीही मोडली.

कारण सोपं आहे, फक्त ते कागदावर मांडल्याशिवाय मला दिसलं नाही. दोन तुकडे शिवले की शिवणीमागे पाव पाव इंचाच्या दोन पट्ट्या उरतात. त्या एका बाजूला पाडल्या की त्या बाजूला कापडाचे तीन थर होतात. आता अशा दोन पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. दोन्हींतल्या उभ्या शिवणी एकाच बाजूला पाडलेल्या असतील, तर चौकाच्या एका कोपऱ्यात तीन आणि तीन आणि तीन असे नऊ थर जमतात. वरच्या पट्टीची शिवण उजवीकडे आणि खालचीची डावीकडे पाडली, तर त्या एकमेकींच्या खाचेत बसतात आणि जास्तीत जास्त थर सात होतात. सगळ्या शिवणी मधून उघडून दोन्ही बाजूंना इस्त्री केली, तर चारच. नऊ, सात, चार. इतका स्वच्छ हिशेब निघाल्यावर मला वाटलं, सुटलं आता.

गल्लीतल्या शिंपीकाकांकडे गेलो तर ते जीन्सला दुमड घालत होते. जाड जोड आला की ते आधी त्यावर छोट्या हातोडीने दोन टोले मारतात, कापड चेपतं. मग मशीनचा पाय चढावर तिरका होऊ नये म्हणून पायाच्या मागे जोडाइतक्याच जाडीची कापडाची घडी सरकवतात, आणि तेवढे चार टाके पायाने न मारता चाक हाताने फिरवून घालतात. "घाई केलास की मोडलीच बघ सुई," म्हणाले. त्यांनी मला अठरा नंबरची सुई दिली, आणि पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन सगळं केलं. उघडून इस्त्री, हातोडीच्या जागी खलबत्त्याचा बत्ता, मागे घडी, हाताने चाक. सुई मोडली नाही. दोन पट्ट्या जोडून झाल्या, उचलून आईला दाखवायला म्हणून ताणल्या आणि जोडाजोडाशी कापड विरलं. चाळीस वर्षं वापरलेलं सुती कापड. शिवण उघडून पाडली की सगळा ताण नुसत्या दोऱ्यावर येतो आणि दोरा त्या म्हाताऱ्या कापडाला कापत जातो. वर अठरा नंबरच्या सुईने पाडलेली भोकं. नव्या कापडाला लागू पडणारा हिशेब मी जुन्या कापडाला लावला होता. भरीला प्रत्येक जोडात अर्धं अर्धं सूत चुकलं होतं, त्यामुळे अकरा जोडांत एक पट्टी दुसरीपेक्षा जवळजवळ पाऊण इंच लांब झालेली. कॉलेजात ह्यावर एक अख्खा धडा होता, त्यात मला चांगले मार्क पडले होते.

ऑफिसातल्या हल्याळच्या मित्राला हे रडगाणं सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडं ये की. सिद्दी बायका कवंद शिवतात, मशीन नाही काही नाही. बघ तरी." डिसेंबरातल्या एका शनिवारी निघालो. आई येणार नाही असं धरून चाललो होतो. सकाळी साडेसहाला बघतो तर ती कुंद्याचा डबा आणि लुगड्यांचं गाठोडं घेऊन मागच्या सीटवर बसलेली.

बेळगावहून खानापूरपर्यंतचा रस्ता आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या पायाखालचा आहे. मलप्रभेचा पूल ओलांडला की नंदगडकडे वळायचं. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. २६ जानेवारी १८३१ रोजी इंग्रजांनी त्याला इथेच फाशी दिलं. तिथे दहा मिनिटं थांबलो. पुढे झाडी दाट होत जाते आणि त्या दिवसांत धुकं नऊ-साडेनऊपर्यंत रस्त्यावरच बसलेलं असतं. हल्याळात पाट्या कानडी, चहाच्या गाड्यावरची बोलणी मराठी. मित्र तिथे गाडीत बसला. त्यापुढे यल्लापूरपर्यंत सागवान, मग उतारावर सुपारीच्या बागा सुरू होतात, आणि हवेत ओल्या सालपटांचा आंबूस वास येऊ लागतो.

सिद्दी लोकांविषयी मला शाळेत कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि आपल्या घरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लोकांबद्दल ही जरा लाजिरवाणी गोष्ट आहे. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतले. पोर्तुगिजांनी आणि अरब व्यापाऱ्यांनी त्यांना गुलाम म्हणून ह्या किनाऱ्यावर आणलं, आणि गोव्यातून निसटलेले बरेच जण घाटमाथ्यावरच्या ह्या रानांत येऊन राहिले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला ह्या तालुक्यांत त्यांच्या वाड्या आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला २००३ साल उजाडलं, आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेत गेले. घरात ते जी भाषा बोलतात ती कोकणी-मराठीच्या इतकी जवळची आहे की आईला अर्ध्या तासात मधल्या माणसाची गरज उरली नाही. मी पुढे जे बोलणं देतोय ते आपल्या मराठीत करून देतोय.

कवंद म्हणजे त्यांची गोधडी. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कलेचा इतिहास शिकवलेले हेन्री ड्र्यूअल ह्यांनी ह्या कामावर लिहिलं आहे, आणि त्यांच्या पुढाकाराने २००४ मध्ये इथल्या बायकांची एक सहकारी संस्था उभी राहिली. त्यामुळे आता कवंद परदेशातल्या प्रदर्शनांतही जाते. आम्ही गेलो त्या घरात मात्र ती दोरीवर वाळत होती.

त्या घरातल्या मावशी साठीच्या असाव्यात. अंगणात सुपारी पसरलेली. आईने गाठोडं सोडलं आणि विचारलं, शिवून द्याल का? मावशी सरळ नाही म्हणाल्या. सुपारी सोलायचा हंगाम, हाताला वेळ नाही, मोठी कवंद म्हणजे महिन्यांचं काम. पण त्यांच्याकडे पाळण्यातल्या बाळाची एक छोटी अर्धी झालेली होती. "ही बघा आणि घरी जाऊन करा," म्हणाल्या आणि ओसरीवर बसल्या.

मी आधी माझा पराक्रम दाखवला, चार चौकोन जोडलेला नमुना. त्यांनी तो उलटा केला, चौकावर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हे लेकराच्या पाठीला टोचेल." नऊ, सात, चार ह्या माझ्या हिशेबात लेकराची पाठ कुठेच नव्हती.

कवंद कशी शिवतात ते मी जवळजवळ दोन तास बघितलं, त्यामुळे नीट सांगतो. आधी एक जुनी साडी खाली पसरतात, तीच मागची बाजू. वरच्या तुकड्यांची वेगळी चादर जोडून घ्यायचीच नाही. एका कोपऱ्यापासून तुकडे थेट त्या साडीवर ठेवत, सगळ्या थरांतून धावदोरा घालत जायचं. काठावरून सुरुवात, चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं आणि शेवटी मध्यावर मिळायचं. तुकडे कात्रीने कापत नाहीत, बारीक छेद देऊन हाताने फाडतात. सुती कापड सुताला सूत धरून सरळ फाटतं, माझ्या चटईपेक्षा सरळ. पुढचा तुकडा आधीच्या तुकड्यावर दोन बोटं चढवायचा, आणि जी कड वर दिसणार तेवढीच सुईच्या टोकाने आत ढकलून दुमडायची. खाली गेलेली कड तशीच मोकळी, सपाट. जोडाच्या एका अंगाला दुमड, दुसऱ्या अंगाला काही नाही. आत कापूस वगैरे भरत नाहीत. वरून आणखी बारके तुकडेही लावतात, त्यांना टिकेली म्हणतात.

मी अर्थात थर मोजले. मावशींच्या तुकड्याच्या कोपऱ्यातही दोन्ही कडांची दुमड एकावर एक येते, खाली शेजारचा तुकडा असतो, मग साडी. सहा-सात थर तिथेही भरतात. म्हणजे जाडी कमी केलेली नव्हती. फक्त कोणतेही दोन जाड कोपरे एकमेकांसमोर येत नव्हते. भिंतीच्या विटांसारखी प्रत्येक ओळ अर्ध्या तुकड्याने सरकलेली. आणि मशीनला जशी आखलेल्या रेघेवरून गेलंच पाहिजे अशी सक्ती असते, तशी हाताच्या सुईला नसते. जाड ठिकाण आलं की मावशी सुई तिरकी न घालता उभी घालायच्या, खालून पूर्ण ओढून घ्यायच्या, मग पुन्हा उभी वर काढायच्या. एरवी एका दमात चार टाके, तिथे एकेक. एका कोपऱ्यात दुमडीचं आतलं टोक फारच दाटलं, ते त्यांनी कात्रीने कापूनच टाकलं. त्या दिवशी कात्री वापरलेली ती एवढीच.

आई इतका वेळ गप्प होती. एकदम म्हणाली, "सासूबाई असंच शिवायच्या की. मी बघितलंय. शहापूरच्या घरात, माडीवर." मग माझ्याकडे वळून, "घरातली राहिली असती तर उलटी करून बघितला असतास, इथवर यावं लागलं नसतं." त्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मावशींनी गाठोड्यातला एक लाल चौकोन उचलून उजेडात धरला. माझ्या चौऱ्याऐंशींपैकीच, पण त्याच्या मधून एक बारीक रेघ जात होती. एका अंगाला सुती, एका अंगाला रेशमी. त्यांनी त्यावरही अंगठा फिरवला. "इथं जोड आहे, पण लागत नाही," म्हणाल्या.

इरकली नेसणाऱ्या घरांत हे ठाऊक असेल, मला नव्हतं. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो. अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी. विणकर मागावरच दोन्ही ताण्यांच्या सुतांचे फासे एकमेकांत अडकवतो आणि विणत पुढे जातो. ह्याला टोपतेनी म्हणतात. शिवण नाही, दुमड नाही, मागे उरलेली पट्टी नाही. आणि त्या रविवारी सकाळी मी कटर फिरवला तो नेमका ह्या जोडाच्या आरपार, सात चौकोनांत.

निघण्याआधी मावशींनी फुलं करून दाखवली. कवंदेच्या चारी कोपऱ्यांना ही लावतात. चौकोनी तुकडा दुमडून त्रिकोण, तो पुन्हा दुमडून त्रिकोण, म्हणजे चार थर. असे तीन रंगांचे तीन एकात एक. बारा थर झाले. ते कोपऱ्यातून बाहेर डोकावतील असे दाबून शिवायचे. जिथे जाडी टाळायची तिथे इतकी खटपट, आणि इथे मुद्दाम बारा. मी विचारलं, नाही लावली तर? "तर कवंद उघडीच," त्या म्हणाल्या. अंगावर कपडे नसल्यासारखी, असा हात केला. वाळत असलेल्यांपैकी एक छोटी कवंद आम्ही विकत घेतली. गणपत गल्लीत कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारी माझी आई तिथे किमतीवरून एक शब्द बोलली नाही.

वाकळ जानेवारीत सुरू केली ती जूनमध्ये, पाऊस लागल्यावर संपली. संध्याकाळी सातनंतर, आई एका काठाला आणि मी समोरच्या. करणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. आईच्या सहावारीचा फॉल आधी उसवा. तो राहिला तर तेवढ्या भागात कापड दुप्पट होतं आणि सगळी ओळ फुगते. दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्या, जाड जागेतून घसरत जातो. सुई बारीकच बरी, जुन्या कापडाला मोठी भोकं सोसत नाहीत. अडकली तर पक्कड घ्या, दात नको. मी दात वापरले, पुढच्या दाताचा टवका उडाला. आणि काठ. इरकलीचा काठ दाट विणीचा, तो दुमडला की फळीसारखा होतो. मी सगळे काठ कापून फेकायच्या विचारात होतो. आई म्हणाली, "काठाला दुमड कशाला पाहिजे? त्याची कड आधीच विणून बंद झालीय, ती सुटत नाही." बरोबर होतं. काठाचा तुकडा न दुमडता तसाच वर चढवायचा, एक थर आपोआप कमी. हे मला मावशींनी सांगितलं नव्हतं, कुठल्या व्हिडिओत नव्हतं.

माझ्या हाताची कड आजही ओळखू येते. टाके वाकडे, आणि तिसऱ्या ओळीत एक कोपरा सुपारीएवढा गोळा झालेला. तो मी दोनदा उसवला. तिसऱ्यांदा उसवायला घेतला तर आईने हातातून काढून घेतला. "राहू दे. झोपंतसुद्धा कळंल तिला, बाबाकडची बाजू कुठली ते."

विरलेल्या पट्ट्या सोडवून लाल चौकोनांच्या टिकेल्या झाल्या. टोपतेनीचे सात चौकोन मात्र आईने वेगळे पिशवीत ठेवले होते. मध्यावर दोन्हीकडच्या ओळी आल्या तेव्हा तिने ते काढले आणि एकापुढे एक मांडले. त्यांना कुठेही दुमड येणार नाही असे, कडा चारी बाजूंच्या ओळींखाली सारून. माझा तो पहिला काप आता त्या दुमडींच्या आत गेलाय. वरून पदराची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसते, अधेमधे तुटलेली.

फुलांवरून आमचं थोडं वाजलं. मला चारी कोपऱ्यांना हवी होती, आईला एकही नको होतं. पोरगी तोंडात घालेल, ओढेल, वगैरे. शेवटी एकच लावलं, पायाकडच्या डाव्या कोपऱ्याला. रात्री अंधारात वाकळ पांघरताना पायाकडची बाजू कुठली ते हाताला कळावं म्हणून. पोरगी झोपताना नेमकं तेच फूल शोधून मुठीत धरते, त्यामुळे वाकळ रोज उलटी होते आणि पाय उघडे राहतात. आई रोज रात्री उठून ती सरळ करते.